वकील संघ कोणाची वकिली करतो?

कोर्टाच्या व्हरांड्यातील बाकावर बसलेल्या माणसाला कायद्यातले काही कळत नाही, असा बार रूममधल्या मंडळींचा एक जुना समज आहे. तो त्यांनी आता सोडून द्यावा. भिवंडी, मालेगाव, मिरज, परभणी, कोणत्याही कोर्टाच्या आवारात जाऊन पाहा. पीसीआर म्हणजे काय, एमसीआर कधी होतो, चार्जशीट किती दिवसांत यायला हवी, जामीनदाराच्या सॉल्वन्सीसाठी तहसील कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हे त्या बाकावर बसलेली आई तुम्हाला न अडखळता सांगेल. तिने हा कायदा पुस्तकातून शिकलेला नाही. मुलाच्या तारखांमागे फिरता फिरता तो तिच्या अंगवळणी पडला आहे.

आम्ही वकील नाही, आम्ही अशील आहोत. वकीलपत्रावर सही करणारे, फी देणारे आणि तारीख पडली की निमूटपणे घरी परतणारे. अशिलाला आपल्या वकिलाला एक प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. तो आज आम्ही एकेका वकिलाला विचारत नाही, त्यांच्या संघटनांना विचारतो. या देशात कायदे बदलायला निघतात तेव्हा तुम्ही कोणाची बाजू मांडता? आमची, की तुमची स्वतःची?

शेजारची दोन पोटकलमे

वकिलांच्या संघटना दोन तऱ्हेच्या आहेत. एक तालुक्या-जिल्ह्यांचे वकील संघ, म्हणजे बार असोसिएशन. वकिलांनी आपल्या मर्जीने स्थापन केलेले. दुसऱ्या बार कौन्सिल. त्यांना संसदेने १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने जन्म दिला. सनद देणे, वकिलाने गैरवर्तन केले तर त्याची चौकशी करणे, वकिली पेशाचे आचारनियम ठरवणे ही त्यांची कामे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एक बार कौन्सिल आहे आणि सर्वांच्या वर बार कौन्सिल ऑफ इंडिया.

या अधिनियमाच्या सातव्या कलमात बार कौन्सिल ऑफ इंडियाची कर्तव्ये ओळीने दिली आहेत. त्यातले एक पोटकलम म्हणते की वकिलांचे हक्क, विशेषाधिकार आणि हितसंबंध यांचे रक्षण करावे. त्याच्या लगेच पुढचे पोटकलम म्हणते की कायद्याच्या सुधारणेला चालना आणि पाठिंबा द्यावा. राज्यांच्या कौन्सिलांनाही सहाव्या कलमाने हीच दोन्ही कामे दिली आहेत. गोरगरिबांना कायदेविषयक मदत मिळवून देण्याची जबाबदारीही याच कायद्यात आहे.

म्हणजे कायदेसुधारणेवर बोलणे ही बार कौन्सिलची हौस नाही, तिची नेमून दिलेली नोकरी आहे. आमची तक्रार सरळ आहे. गेली पंचवीस वर्षे या संघटनांनी पहिले पोटकलम घट्ट धरून ठेवले आणि दुसरे बहुधा सोयीने वाचले. स्वतःच्या पेशावर गदा आली की त्या गर्जतात. अशिलाच्या मानेवर गदा आली की त्यांना घसा बसल्याचे आठवते. आणि एकदा तर अशिलाच्या मानेवरची गदा उचलली जात असताना त्या तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या.

ही शेवटची गोष्ट आमच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

२००९ चा बंद

पोलिसाला अटकेचा अधिकार आहे म्हणून त्याने प्रत्येकाला अटक केलीच पाहिजे असे नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जोगिंदर कुमार प्रकरणात सांगितले. पोलिसांनी ज्याला पाच दिवस ताब्यात ठेवले होते तो जोगिंदर कुमार कोण होता? अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण वकील. त्या निकालात न्यायालयाने राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या अहवालाचा हवाला दिला की देशातल्या सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात. डिसेंबर २००१ मध्ये विधी आयोगाने आपल्या १७७ व्या अहवालात अटकेच्या कायद्यात दुरुस्ती सुचवली. सात वर्षे ती सरकारी फडताळात पडून राहिली आणि डिसेंबर २००८ मध्ये अखेर संसदेने ती संमत केली.

दुरुस्ती काय होती? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसाने आधी विचार करावा की अटक खरोखरच आवश्यक आहे का, आणि अटक करायची तर कारण लिहून ठेवावे. आवश्यक नसेल तर नोटीस द्यावी, माणसाने हजर राहावे, तपासाला मदत करावी आणि रात्री आपल्या घरी झोपावे. कलम ४१ आणि ४१-अ ते हेच. अटक केलेल्याला चौकशीच्या काळात आपल्या वकिलाला भेटता येईल, हेही याच दुरुस्तीत कलम ४१-ड म्हणून आले होते.

ज्याच्या मोहल्ल्यात रात्री दोन वाजता जीप येते त्याला विचारा, या दुरुस्तीची किंमत काय होती. संशयावरून उचलणे, आठ-पंधरा दिवस ठेवणे, मग पुरावा नाही म्हणून सोडणे, आणि तेवढ्या काळात पोराचे कारखान्यातले काम गेलेले, बहिणीचे ठरलेले लग्न मोडलेले. या चक्राला पहिली खीळ त्या कायद्याने घातली असती.

आणि तिला विरोध कोणी केला? वकिलांच्या संघटनांनी. जानेवारी २००९ मध्ये ठिकठिकाणच्या वकिलांनी काम बंद ठेवले. अटकेची भीती गेली की गुन्हेगार मोकाट सुटतील, साक्षीदारांना दमदाटी होईल, पीडित महिलांना न्याय मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या शंकांत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण साक्षीदाराला धमकावण्याचा संभव असेल तर अटक करता येईल, हे त्या दुरुस्तीतच लिहिले होते. अटका कमी झाल्या की जामिनाचे अर्ज कमी होतील आणि वकिलांची मिळकत आटेल, हे खरे दुखणे आहे अशी टीका त्याच वेळी झाली. ती सर्व वकिलांना लागू नाही. पण ती खोडून काढायची तर संघटनांनी कलमावार उत्तर द्यायला हवे होते. त्यांनी बंद पुकारला.

परिणाम पाहा. ३१ डिसेंबर २००९ रोजी त्या दुरुस्ती कायद्याची बाकी कलमे अमलात आली. मागे ठेवली गेली ती दोन-तीनच. अटकेची, नोटिशीची आणि तारखा वाढवून मागण्यावर बंधन घालणारी. वकिलाला भेटण्याचा हक्क देणारे कलमही त्याच गाठोड्यात अडकले. वकिलांच्या विरोधाने अटकेतल्या माणसाला वकील मिळण्याचे कलम लांबले! पुढे २०१० मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि पोलिसाने अटक न करण्याचेही कारण लिहावे अशी अट घातली गेली. १ नोव्हेंबर २०१० रोजी कायदा लागू झाला तो असा. माणसाला पकडायचे तर कारण लिहा, हे सुधारणेचे मर्म होते. न पकडायचे तरी कारण लिहा, ही तिच्यावर बसवलेली भरपाई. सांगा, कोणता ठाणेदार न पकडण्याचे कारण लिहिण्याची जोखीम घेईल?

चार वर्षांनी, २ जुलै २०१४ रोजी, अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले की कलम ४१ वाचा, यांत्रिकपणे अटक करू नका, आणि दंडाधिकाऱ्यांनीही डोळे झाकून कोठडी देऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजारांहून अधिक कच्चे कैदी. म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून जास्त लोक असे, ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. त्यांत मुसलमान, दलित आणि आदिवासी आपल्या लोकसंख्येच्या मानाने अधिक आहेत, हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेले आहेत ते वेगळेच.

नऊ दिवस आणि सहा महिने

आता अलीकडच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे संमत केले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून जवळजवळ दीडशे विरोधी खासदार निलंबित होते. दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा, म्हणजे आरोपीच्या आयुष्याशी संबंधित सगळा कायदा, एका झटक्यात नव्याने लिहिला गेला. अमलाची तारीख ठरली १ जुलै २०२४. मध्ये सहा महिन्यांचा अवधी होता.

या कायद्यांत काहीच चांगले नाही असे आम्ही म्हणत नाही. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावे, ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण त्याच माणसावर एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील तर ती सवलत हिरावली जाते, आणि एकावर दुसरी केस लावणे पोलिसांना किती सोपे असते हे बाकावरच्या माणसाला सांगायला नको. पूर्वी पंधरा दिवसांची पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले होते. आता ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही मागता येतात. म्हणजे एमसीआर झाला, आता मार संपला, असे समजून आईने सुस्कारा टाकावा तर पुन्हा पीसीआर. हातकडीला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये अमानुष ठरवले होते. ती काही गुन्ह्यांपुरती कायद्याच्या पुस्तकात परत आली. ‘दहशतवादी कृत्य’ हा गुन्हा, ज्यासाठी आजवर खास कायदा लागे, तो सर्वसाधारण संहितेत येऊन बसला.

ठिकठिकाणच्या वकील संघांना हे कळत होते. पश्चिम बंगालच्या बार कौन्सिलने १ जुलै हा काळा दिवस पाळण्याचे ठरवले. आणि शिखर संस्थेने? जून २०२४ च्या अखेरीस बार कौन्सिल ऑफ इंडियाने देशभरच्या वकील संघांना आवाहन केले की तूर्त या कायद्यांविरुद्ध कसलेही आंदोलन करू नका, आक्षेप असतील ती कलमे कळवा, आम्ही सरकारशी बोलू. कायदे ठरल्या दिवशी लागू झाले.

आता दुसरी गोष्ट. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिवक्ता अधिनियमाच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. त्यात वकिलांच्या संपावर आणि बहिष्कारावर बंदी होती, बार कौन्सिल ऑफ इंडियावर तीनपर्यंत सदस्य केंद्राने नेमावेत असे होते, आणि कौन्सिलला आदेश देण्याचा अधिकार सरकारला देणारे एक कलम होते. वकील खवळले. देशभर निदर्शने झाली. कौन्सिलच्या अध्यक्षांनी, जे स्वतः सत्ताधारी पक्षाचे राज्यसभा सदस्य आहेत, कायदामंत्र्यांना कडक पत्र लिहिले. २२ फेब्रुवारी रोजी सरकारने सल्लामसलत थांबवली आणि नवा मसुदा तयार करू असे जाहीर केले. नऊ दिवस!

आमचा गैरसमज होऊ नये. त्या मसुद्याला झालेला विरोध योग्यच होता. सरकारच्या हुकमावर चालणारी बार कौन्सिल आम्हाला नको. ज्या देशात वकील स्वतंत्र नाही तिथे अल्पसंख्याकाचा वाली कोण? सरकारविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारच्या मर्जीवर असेल तर आमची केस घ्यायला उद्या कोण धजेल? म्हणून वकिलांच्या स्वातंत्र्याची लढाई ही आमचीही लढाई आहे. पण म्हणूनच विचारतो. ज्या ताकदीने नऊ दिवसांत सरकारला माघार घ्यायला लावली ती ताकद आधीच्या सहा महिन्यांत कुठे होती? स्वतःच्या स्वातंत्र्याच्या वेळी ‘आत्ताच’, आणि आरोपीच्या स्वातंत्र्याच्या वेळी ‘आता थांबा’?

यावर एक ठरलेले उत्तर येते. कायदे करणे हे संसदेचे काम आहे, बार कौन्सिल राजकारणात पडत नाही. हे उत्तर टिकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे चालू असताना याच कौन्सिलने राज्यांच्या कौन्सिलांसह ठराव करून न्यायालयाला सांगितले की हा विषय विधिमंडळावर सोपवा. त्या प्रश्नावर आमच्या वाचकांत निरनिराळी मते असतील. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की बोलायचे असते तेव्हा कौन्सिलला वाचा फुटते.

त्यांना येत नाही असे नाही

वकिलांच्या संघटनांना कायदेसुधारणेचे काम जमत नाही असे कोणी म्हणेल तर आम्ही ते मान्य करणार नाही. जमते, आणि उत्तम जमते.

१९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली तेव्हाही वकिलांनी कामबंद आंदोलने केली. पण तमिळनाडूतल्या सेलमच्या वकील संघाने निराळी वाट धरली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २००२ मध्ये न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांची समिती नेमली, तिच्या अहवालावर विचार करून ऑगस्ट २००५ मध्ये निकाल दिला. दुरुस्त्या कायम राहिल्या, पण त्यांची धार योग्य जागी बोथट झाली. लेखी कैफियत नव्वद दिवसांत दिली नाही म्हणून गरीब प्रतिवादीचा हक्क कायमचा बुडावा, असा अर्थ लावता येणार नाही, हे ठरले. एका जिल्ह्याच्या वकील संघाने हे करून दाखवले. त्याच डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल प्रकरणात वकिलांना संपाचा अधिकार नाही असे सांगितले. एक रस्ता बंद होत होता आणि दुसरा उघडा होता. किती संघ त्या दुसऱ्या रस्त्याने गेले?

आपल्याकडचे उदाहरण घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकील संघांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चाळीसहून अधिक वर्षे पाठपुरावा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले. सावंतवाडीच्या किंवा सोलापूरच्या अशिलाला आता जामिनाच्या अपिलासाठी मुंबईच्या लॉजचे भाडे भरावे लागत नाही. या कामाबद्दल त्या वकिलांचे आम्ही मनापासून आभार मानतो. चार दशके न थकता मागणी करणे त्यांना जमते, याचा तो पुरावा आहे.

आणि आणीबाणीतली मुंबई आठवा. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईच्या वकिलांनी राज्यघटना आणि नागरी स्वातंत्र्य या विषयावर एक सभा योजली. न्यायमूर्ती एम. सी. छगला आणि न्यायमूर्ती जे. सी. शहा तिथे बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील गप्प बसले नाहीत. नाथवानी आणि त्यांचे सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्या दिवसांत सभा घेण्याची किंमत काय होती हे ज्यांना आठवते त्यांना या धैर्याचे मोल कळेल. बदरुद्दीन तय्यबजींपासून छगलांपर्यंत ज्या मुंबई बारचा आम्हाला अभिमान वाटतो, ती ही बार.

संघटना गप्प, माणूस एकटा

संघटना गप्प बसते तेव्हा जबाबदारी नाहीशी होत नाही. ती एखाद्या एकट्या वकिलाच्या खांद्यावर जाऊन पडते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी घातला, कारण आपल्या पोलिसांना ते चांगले ओळखून होते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का आणला आणि त्याच्या अठराव्या कलमाने अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य ठरवला. २००३ मध्ये मलिमठ समितीने तर हीच सोय सर्वसाधारण कायद्यातही करावी असे सुचवले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल गाड्यांमधील स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक निरपराध माणसे मेली. त्यांच्या घरच्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण मोक्काखाली ज्यांना पकडले त्यांतल्या बाराजणांना २०१५ मध्ये दोषी ठरवले गेले, पाचजणांना फाशी सुनावली गेली, आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब न्यायालयाने विश्वासार्ह मानले नाहीत. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर प्रकरणांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावले नाही. अटकेपासून सुटकेपर्यंत एकोणीस वर्षे. बारांतला एकजण तर निकालापूर्वीच तुरुंगात वारला. मेलेल्यांच्या घरी न्याय पोहोचला नाही आणि पकडलेल्यांचे आयुष्य परत आले नाही. वाईट कायदा दोन्हीकडची घरे अशी बुडवतो.

या प्रकरणातल्या आरोपींच्या बाजूने उभा राहिलेला तरुण वकील शाहिद आझमी. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्याच्या कार्यालयात त्याला गोळ्या घालून मारले गेले. २६/११ च्या खटल्यात त्याने ज्याचे वकीलपत्र घेतले होते तो फहीम अन्सारी तीन महिन्यांनी निर्दोष सुटला. शाहिद ते पाहायला नव्हता.

त्याच सुमारास देशातले काही वकील संघ ठराव करत होते की दहशतवादाच्या आरोपींचे वकीलपत्र आमचा कोणी सदस्य घेणार नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये लखनौ, फैजाबाद आणि वाराणसीच्या न्यायालयांत स्फोट झाल्यानंतर उत्तर प्रदेशात असे ठराव झाले. मुंबईत कसाबच्या खटल्याच्या वेळीही तीच हवा होती. अखेर ६ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात असे सर्व ठराव बेकायदा आणि वकिली धर्माला काळिमा फासणारे ठरवले. वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या प्रकरणात वकील नाकारला गेला होता तो पोलिसांना! कोइमतूरच्या वकिलांनी पोलिसांशी भांडण झाल्यावर त्यांचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले होते. पोलिसाला वकील मिळालाच पाहिजे, या तत्त्वातून आमच्या पोरांनाही वकील मिळण्याचा हक्क पक्का झाला. इन्साफ असाच असतो. तो एकट्याचा करून ठेवता येत नाही.

आमच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द

सगळी आग वकिलांवरच पाखडून आम्ही थांबणार नाही. जमातीच्या पुढाऱ्यांनीही उत्तर द्यावे. शरियतचा विषय निघाला की मैदाने भरतात, हे आम्ही १९८५ पासून पाहतो आहोत. कलम ४१ साठी भरलेले मैदान कोणी पाहिले? कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी निघालेला मोर्चा कोणी पाहिला? तीन तलाकला २०१९ च्या कायद्याने तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा केले. बायकोला वाऱ्यावर सोडणे इतरांच्या बाबतीत दिवाणी बाब आणि मुसलमानाच्या बाबतीत फौजदारी का, हा कायद्याचा प्रश्न होता आणि तो कायद्याच्याच भाषेत विचारायला हवा होता. पुढाऱ्यांनी तो ‘दीन खतरे में’च्या भाषेत विचारला. एकतर्फी तलाकने घराबाहेर पडलेल्या बाईचे दुःख त्या गोंगाटात कोणी ऐकलेच नाही. शाहबानोचे वकील दानियल लतीफी यांनी १९८६ च्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले आणि २००१ च्या निकालाने त्याच कायद्यातून तलाकपीडित स्त्रीला उदरनिर्वाहाची वाजवी तरतूद मिळवून दिली. मैदानात नाही, कोर्टात. घोषणेने नाही, कलम वाचून.

मागणी

आमचे मागणे फार नाही.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलने फौजदारी कायद्यात बदल करणाऱ्या प्रत्येक विधेयकावर, ते केंद्राचे असो की राज्याचे, कलमावार मत जाहीर करावे आणि ते मराठीत करावे. आरोपी मराठीत रडतो आणि त्याच्यावरच्या कायद्याची चिकित्सा इंग्रजीत बंद असते, हे पुरे झाले. राज्य विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकासारख्या विषयावर तर बाकावरच्या माणसाला सोप्या भाषेत समजेल असे पत्रक तालुका-तालुक्यात पोहोचले पाहिजे.

अटकेऐवजी नोटीस देण्याची तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आली आहे. ती आपल्या जिल्ह्यात किती पाळली जाते याची नोंद प्रत्येक वकील संघाने ठेवावी. हे काम वकिलांइतके सोपे दुसऱ्या कोणाला नाही. रोज सकाळी रिमांडला उभे तेच असतात. वर्षाच्या शेवटी ती नोंद छापावी. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी सरकारपुढे ठेवायला घोषणेपेक्षा ती उपयोगी पडेल.

तिसरे मागणे आमच्या वकील भावा-बहिणींकडे. आज आमच्या वस्त्यांतून मुली काळा कोट घालून कोर्टात जातात, ही आमच्यासाठी ईदच आहे. पण सनद मिळाली, बार रूममध्ये खुर्ची मिळाली, इतक्यावर थांबू नका. वकील संघाच्या निवडणुकीला उभे राहा, कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहा. मुसलमानांचा प्रतिनिधी म्हणून नाही, अशिलाचा प्रतिनिधी म्हणून. आमच्याबरोबर त्याच बाकावर पारधी वस्तीवरची म्हातारी बसलेली असते आणि दलित वस्तीतला बापही. त्यांचाही कायदा तोच.

बार कौन्सिलचा उमेदवार मते मागताना वकिलांच्या विम्याचे, चेंबरचे, कल्याण निधीचे आश्वासन देतो. ते द्यावेच, वकिलांनाही पोट आहे. पण मत देणाऱ्या प्रत्येक वकिलाने त्याला एवढे विचारावे: पुढचे विधेयक आले तर तुम्ही कोणत्या पोटकलमाने बोलणार, पहिल्या की दुसऱ्या? आणि उत्तर काय मिळाले ते दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात येऊन आम्हाला सांगावे. आम्ही तिथेच असतो.